मैदान कुणाच्या पैशाने? : लातूर-नांदेडच्या निमित्ताने एक आढावा

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. माणसांना प्यायला पाणी नसताना खेळपट्ट्या आणि हिरवळ भिजवायला ते का द्यायचे, असा जनहित याचिकेतला सवाल होता. क्रिकेट संघटनांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दाखवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही दाद मागितली. पण सामने गेले ते गेलेच.

ज्या स्टेडियमांवरून हा खटला झाला ती मुंबई, पुणे आणि नागपूरची होती आणि क्रिकेट संघटनांच्या ताब्यातली होती. तरीही पाणी, जमीन आणि पैसा या सार्वजनिक साधनांतला किती वाटा खेळाच्या वास्तूंना द्यावा, हा जुना प्रश्न त्या आठवड्यात घरोघरी पोचला. गेल्या तीन दशकांत महाराष्ट्र शासनाने तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुले उभारण्याचे धोरण स्वीकारले. लातूर हे शासनाच्या आठ क्रीडा विभागांपैकी एकाचे मुख्यालय आहे आणि नांदेड व धाराशिव हे जिल्हेही त्याच विभागात येतात. त्यामुळे हा वाद इथे पुस्तकी राहिलेला नाही. तो आज कुठवर आला आहे, कोणत्या बाजूचे म्हणणे काय आहे आणि कशाचे उत्तर अजून मिळालेले नाही, ते क्रमाने पाहू.

एका नावाखाली चार गोष्टी

स्टेडियमवर सरकारने पैसा घालावा का, असे विचारले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळे चित्र उभे राहते. चर्चेतला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून आधी वर्गवारी केलेली बरी.

पहिली गोष्ट शाळेचे मैदान. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीच्या निकषांमध्ये क्रीडांगणाचा समावेश आहे. दुसरी गोष्ट तालुका आणि जिल्हा क्रीडा संकुल. धावपट्टी, खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉलची मैदाने आणि एखादा बंदिस्त हॉल असे त्याचे साधारण रूप असते आणि प्रेक्षकांपेक्षा सरावाला तिथे महत्त्व अधिक. तिसरी गोष्ट म्हणजे गॅलरी असलेले शहराचे स्टेडियम. नांदेड-वाघाळा महापालिकेचे श्री गुरुगोविंदसिंघजी स्टेडियम या प्रकारातले. चौथे, तिकीट विक्री आणि दूरचित्रवाणी हक्कांवर चालणारे मोठे क्रिकेट स्टेडियम. ते लातूरलाही नाही आणि नांदेडलाही नाही, पण दोन्हीकडच्या लोकांच्या बोलण्यात ते असतेच.

कायद्याच्या भाषेत पाहिले तर खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीने उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ही नागरी सुविधा म्हणून शहरी स्थानिक संस्थांकडे दिली. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात मात्र क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत येतात. पाणीपुरवठा, गटारे आणि रस्ते ही आवश्यक कर्तव्ये. म्हणजे मैदानावर खर्च करायला पालिकेला मुभा आहे, पण सक्ती नाही. या एका फरकावर पुढची बरीच मतमतांतरे उभी आहेत.

तालमीपासून संकुलापर्यंत

लोकांच्या पैशातून खेळाची वास्तू ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधायला घेतले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. संस्थानच्या तिजोरीतून झालेला तो खर्च होता. शंभर वर्षांहून अधिक काळ ते मैदान वापरात आहे, म्हणून सार्वजनिक खर्चाच्या बाजूने बोलणारे त्याचा दाखला आवर्जून देतात.

निजामी राजवटीतल्या मराठवाड्याला असा आश्रय लाभला नाही. इथली कुस्ती गावच्या तालमीत वाढली आणि जत्रांच्या फडांवर जगली. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत आजही कुस्त्यांची दंगल होते. मैदान यात्रेचे, बक्षिसे कधी जिल्हा परिषदेची, कधी दात्यांची. या मातीतून मोठे मल्ल निघाले, पण मोठे व्हायला त्यांना गाव सोडावे लागले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. नंतर त्यांची तालीम पुण्यात चालली आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्या हाताखाली तयार झाला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलमध्ये राहुलनेही सुवर्ण जिंकले. लातूरचेच काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांचेही नाव पुढे पुण्यातल्या तालमीशी जोडले गेले.

राज्य शासनाने मोठ्या प्रमाणावर या क्षेत्रात उतरण्याचा टप्पा १९९४ चा. पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. २००८ मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. १९९६ मध्ये निवासी प्रशिक्षणाच्या क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या. तालुक्यापर्यंत संकुल नेण्याचा विचार २००१ च्या क्रीडा धोरणाबरोबर पुढे आला आणि २०१२ च्या धोरणाने तो कायम ठेवला. केंद्राकडून २०१७-१८ पासून ‘खेलो इंडिया’चा पैसा येऊ लागला. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात या एका योजनेसाठी १,००० कोटी रुपये दाखवले आहेत.

पैसा कसा येतो

संकुलांसाठी राज्याचे अनुदान ठरलेल्या मर्यादेत मिळते. पूर्वी ही मर्यादा तालुक्याला १ कोटी, जिल्ह्याला ८ कोटी आणि विभागाला २४ कोटी रुपये होती. अलीकडे ती अनुक्रमे ५, २५ आणि ५० कोटी करण्यात आली. लातूर जिल्ह्यात १० आणि नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला पूर्ण रक्कम मिळाली असे धरले, तर २६ तालुक्यांचे १३० कोटी, दोन जिल्हा संकुलांचे ५० कोटी आणि विभागीय संकुलाचे ५० कोटी, म्हणजे एकूण २३० कोटी होतात. हा नियमानुसार निघणारा कमाल आकडा झाला. प्रत्यक्षात रक्कम टप्प्याटप्प्याने येते आणि काम जमीन, अंदाजपत्रक व निविदा यांच्या गतीने चालते. पण प्रश्नाचे आकारमान कळायला हा आकडा पुरेसा आहे.

याशिवाय जिल्हा नियोजन समितीतून व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाला अनुदान मिळते आणि आमदार-खासदार निधीतूनही कामे होतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण आहे, पण मोठे उद्योग मोजकेच असलेल्या मराठवाड्यात हा ओघ बारीक राहतो.

बांधकामाचा पैसा असा चार वाटांनी येतो, पण देखभालीची वाट वेगळी आहे. बांधून झालेली वास्तू संकुल समितीच्या हाती जाते. लोकप्रतिनिधी, महसूल अधिकारी आणि क्रीडा अधिकारी तिच्यावर असतात. वीज, पाणी, राखणदार आणि दुरुस्ती यांचा खर्च समितीने स्वतःच्या उत्पन्नातून भागवावा, असा धोरणाचा रोख आहे. त्यासाठी रस्त्याच्या बाजूला गाळे काढायचे, हॉल भाड्याने द्यायचा, सभासद शुल्क घ्यायचे. गाळ्यांची ही पद्धत राज्यभर दिसते आणि तिच्याविषयीची मते तितकीच वाटलेली आहेत.

खर्च करावा असे म्हणणाऱ्यांचा पक्ष

या पक्षाचा पहिला मुद्दा बाजाराच्या मर्यादेचा. जिथे तिकीट विकले जाते तिथे खासगी भांडवल येते. धावपट्टीवर, गोळाफेकीच्या वर्तुळात किंवा खो-खोच्या मैदानावर ते येत नाही. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम खासगी संस्थेने बांधले, पण मुखेड किंवा अहमदपूरला ॲथलेटिक्सची धावपट्टी कुणी नफ्यासाठी बांधणार नाही. चारशे मीटरच्या धावपट्टीला चार एकरांहून जास्त सपाट जागा लागते. शहराच्या हद्दीत तेवढी जमीन फक्त शासनच राखून ठेवू शकते.

दुसरा मुद्दा जमिनीचाच, पण वेगळ्या अंगाने. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षण टाकलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण रद्द होते. पालिकेने आज पैसा बाजूला काढला नाही तर उद्या मैदानाची जागाच उरणार नाही. शाळा किंवा रस्ता उशिरा बांधता येतो, पण इमारती उभ्या राहिलेल्या जागेवर मैदान परत मिळत नाही, असे नगररचनेतले लोक सांगतात.

तिसरा मुद्दा प्रादेशिक न्यायाचा आहे आणि मराठवाड्यात त्याला धार आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत. खेळाच्या सुविधा त्या यादीत नव्हत्या, त्यामुळे त्यांचा अनुशेष कधी कागदावर आलाच नाही. राज्याचे क्रीडा विद्यापीठ आधी औरंगाबादेत होणार अशी चर्चा होती. २०२० मध्ये कायदा झाला तेव्हा ते बालेवाडीत ठरले आणि मराठवाड्यात नाराजी उमटली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेल्यावर धावपटू म्हणून घडला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये स्टीपलचेसचे रौप्य घेऊन आला. लष्कराची वाट सापडली नसती तर काय झाले असते, असा या पक्षाचा सवाल असतो.

चौथा मुद्दा समान संधीचा. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव यांनी व्हीलचेअरवरून गोळाफेक करत टोकियो आणि पॅरिस पॅरालिंपिकपर्यंत मजल मारली. २०२४ च्या पॅरिस उद्घाटन सोहळ्यात त्या भारताच्या ध्वजवाहकांपैकी एक होत्या. दिव्यांग खेळाडूंसाठी उतरण, स्वच्छतागृह आणि सरावाची जागा, मुलींसाठी प्रकाश आणि सुरक्षितता या गोष्टींना बाजारात गिऱ्हाईक नाही. त्या सार्वजनिक पैशातूनच होऊ शकतात.

या बाजूला देशातले ठळक उदाहरण आहे ओडिशाचे. त्या राज्याने २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचे प्रायोजकत्व घेतले आणि राउरकेल्यात वीस हजारांवर आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम बांधले. जानेवारी २०२३ मध्ये तिथे विश्वचषकाचे सामने झाले. त्याचबरोबर हॉकीचे माहेर असलेल्या सुंदरगढ जिल्ह्यात तालुकास्तरावर कृत्रिम हिरवळीची मैदाने घालण्याचा कार्यक्रम घेतला. मोठे स्टेडियम आणि गावपातळीवरचे मैदान एकमेकांना पूरक ठरू शकतात, हे त्यातून दिसते, असे समर्थक म्हणतात.

आक्षेप घेणाऱ्यांचा पक्ष

आक्षेपांतला पहिला प्राधान्यक्रमाचा. लातूरने २०१६ पाहिले आहे. पाण्याची योजना, रुग्णालय आणि शाळेच्या खोल्या बाकी असताना गॅलरीवर कोट्यवधी घालणे कितपत बरोबर? महापालिका कायद्याने मैदान ऐच्छिक ठरवले ते उगाच नाही, असे या मताचे लोक म्हणतात. पाण्याचा मुद्दा इथे नुसता भावनेचा राहत नाही. हॉकीच्या कृत्रिम हिरवळीला आणि क्रिकेटच्या गवताला रोज पाणी लागते. ते कुठून येणार हे ठरल्याशिवाय अशा वास्तूला मंजुरी देऊ नये, अशी त्यांची मागणी आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. स्टेडियम आले की हॉटेल, रिक्षा, बाजार यांना बरकत येते, असा दावा प्रत्येक भूमिपूजनाला होतो. अमेरिकेत या दाव्याची सर्वाधिक तपासणी झाली. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९७ मध्ये आला आणि ब्रॅडबरी, कोट्स व हम्फ्रीज यांचा विस्तृत आढावा २०२३ मध्ये. दोन्हींचा निष्कर्ष एकाच दिशेचा आहे : स्टेडियमवर घातलेल्या सार्वजनिक पैशाच्या मानाने शहराच्या उत्पन्नात किंवा रोजगारात भर पडत नाही. लोक सामन्यावर खर्च करतात तेव्हा तेवढाच खर्च सिनेमा, हॉटेल किंवा खरेदीतून कमी करतात. शिवाय उत्पन्नाचा मोठा भाग संघमालक आणि खेळाडूंकडे, म्हणजे बहुधा शहराबाहेर जातो.

तिसरा आक्षेप सोहळ्यासाठी होणाऱ्या खर्चाचा. मॉन्ट्रियलला १९७६ च्या ऑलिंपिक स्टेडियमचे कर्ज फिटायला २००६ उजाडले. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांवरचा खर्च महालेखापरीक्षकांच्या अहवालात १८,५३२ कोटी रुपये दाखवला गेला. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्यावर हे आकडे पुन्हा चर्चेत आले.

चौथा आक्षेप इमारतीच्या मोहाचा. कोनशिला बसते, बातमी होते, कंत्राट निघते, पण क्रीडा मार्गदर्शकाचे पद भरले जातेच असे नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांच्या गावी, कराडजवळच्या गोळेश्वरला, कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा २००९ मध्ये झाली. घोषणा करणारे तेव्हाचे क्रीडामंत्री दिलीपराव देशमुख लातूरचेच. २०१७ पर्यंत काम न झाल्याने कुटुंबीयांनी पदकाचा लिलाव करण्याचा इशारा दिला, तेव्हा ती बातमी देशभर गेली. घोषणा आणि वास्तू यांच्यामध्ये किती वर्षे जाऊ शकतात, हे सांगताना आक्षेपक हे उदाहरण पुढे करतात.

वास्तूवर की माणसावर?

या दोन पक्षांच्या मधोमध एक तिसरा प्रवाह आहे. पैसा द्यावा की नाही यापेक्षा तो कशावर द्यावा, हे तो विचारतो. खो-खोचे उदाहरण त्याला जवळचे वाटते. या खेळाचे मैदान २७ बाय १६ मीटरचे. दोन खांब आणि चांगली माती एवढ्यावर सराव होतो. लातूर विभागातल्याच धाराशिवमधून सारिका काळे यांच्यासारख्या खेळाडू आल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी जिंकला आणि त्यातही मराठवाड्याचा वाटा होता. गॅलरी नसताना, पण सातत्याने शिकवणारे प्रशिक्षक असताना हे घडले, असे या प्रवाहाचे म्हणणे.

पॅरिस २०२४ मध्ये नेमबाजीचे कांस्य मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. तोही सार्वजनिक पैसाच, पण तो निवास, आहार, साहित्य आणि मार्गदर्शक यांच्यावर गेला. अशा खर्चाला कोनशिला नसते आणि त्याचे फळ दिसायला दहा-पंधरा वर्षे जातात.

यावर उत्तरही आहे. खो-खो आता मॅटवर खेळला जातो, कुस्ती केव्हाच मॅटवर गेली आणि मातीवर तयार झालेल्या मुलाला राष्ट्रीय स्पर्धेत नव्या पृष्ठभागाशी जुळवून घ्यावे लागते. मॅट म्हटली की छप्पर आले, छप्पर म्हटले की हॉल. म्हणजे वास्तू आणि माणूस यांची फारकत बोलायला सोपी असली तरी खेळ जसजसा वरच्या पातळीला जातो तसतशी ती करणे अवघड होत जाते.

शाळेचा मुद्दाही याच प्रवाहात येतो. लातूर पॅटर्नने दहावी-बारावीच्या निकालांत नाव मिळवले आणि शहरात शिकवण्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी क्लास करणाऱ्या मुलाला जिल्हा संकुलाचा उपयोग किती? त्याला मैदान हवे ते शाळेतच आणि तासिकेतच. शिवाय किनवट-माहूरच्या मुलाला नांदेडचे स्टेडियम रोजच्या सरावासाठी उपयोगाचे नाही. जवळपणा हा आकारापेक्षा मोठा निकष आहे, यावर या प्रवाहातले बहुतेक लोक सहमत दिसतात.

क्रिकेटचा वेगळा हिशेब

मोठ्या क्रिकेट स्टेडियमचा प्रश्न बाजूला काढून पाहावा लागतो, कारण तिथे सार्वजनिक पैसा थेट कमी आणि आडवाटेने अधिक येतो. वानखेडे स्टेडियम १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट संघटनेने उभे केले, पण जमीन शासनाकडून भाडेपट्ट्याने घेतलेली. पुण्याजवळचे गहुंजेचे स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने कर्ज काढून बांधले. पुढे थकबाकीपोटी बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतल्याची बातमी २०१८ मध्ये आली. खासगी मार्गातही जोखीम असते, ती करदात्याऐवजी ठेवीदाराकडे आणि संघटनेकडे जाते, एवढे त्यातून कळते.

सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क हाही आडवाटेच्या अनुदानाचा भाग मानला जातो. २०२३ मध्ये राज्य शासनाने ते दर उतरवले आणि ही सवलत २०११ पासून मागे नेली. त्यातून सुमारे १४.८२ कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, असे सांगत प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सामने महाराष्ट्रातच राहावेत म्हणून इतर राज्यांच्या तोडीचे दर ठेवावेत, ही एक बाजू. श्रीमंत खेळाला सवलत का, ही दुसरी.

नांदेड किंवा लातूरला आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रिकेट मैदान हवे, अशी इच्छा निघते तेव्हा हे हिशेब पुढे येतात. समर्थकांच्या मते स्थानिक खेळाडूंना चांगली खेळपट्टी मिळाली तर पुण्याकडचे स्थलांतर थांबेल. आक्षेपकांच्या मते क्रिकेट संघटनांकडे पैसा आहे, जमीन सोडून बाकी त्यांनी घालावे. या दोन मतांच्या मध्ये करार होऊ शकतो. जमीन पालिकेची, बांधकाम संघटनेचे आणि वर्षातले ठरावीक दिवस शहरातल्या शाळांना मोफत, असा तो असू शकेल.

चालवणार कोण?

बांधकामाच्या वादात देखभालीचा प्रश्न बराच काळ मागे राहिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो अचानक पुढे आला. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून नेट बँकिंगद्वारे २१ कोटी ५९ लाख रुपये वळवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर आरोप ठेवण्यात आला. प्रकरण न्यायप्रविष्ट असले तरी त्यातून दोन गोष्टी चर्चेत आल्या. एवढी मोठी रक्कम समितीच्या खात्यात पडून राहते आणि तिच्यावर रोजची नजर ठेवणारी व्यवस्था कमजोर आहे. समितीचे सदस्य इतर जबाबदाऱ्यांत गुंतलेले अधिकारी आणि लोकप्रतिनिधी असतात. पूर्णवेळ व्यवस्थापक हे पद बहुतेक रचनेत नसते.

यावर सुचवलेले उपाय वेगवेगळ्या दिशांचे आहेत. काहींना संकुल खासगी संस्थेला चालवायला देणे योग्य वाटते. शुल्क आले की निगा राहते, असा त्यांचा अनुभव. काहींना त्यात गरीब मुलांसाठी दार बंद होण्याची भीती दिसते. पोहण्याचा तलाव आणि बॅडमिंटन हॉल हौशी मध्यमवर्गाने भरतो, मैदानी खेळाडू बाहेर राहतात, असे ते सांगतात. गाळ्यांच्या बाबतीतही हेच. उत्पन्न मिळते हे खरे, पण दर्शनी भाग दुकानांना गेला की मैदान मागे दडते आणि भाडेकरार वर्षानुवर्षे जुन्या दरात अडकतात. सभा, प्रदर्शने आणि मेळावे यांना मैदान द्यावे का, यावरही एकमत नाही. भाडे मिळते, पण खड्डे बुजवायला आणि पृष्ठभाग पुन्हा नीट करायला तेच भाडे पुरत नाही, ही क्रीडा शिक्षकांची नेहमीची तक्रार.

सहमती कुठे, मतभेद कुठे

शाळेचे मैदान आणि शहरातली आरक्षित मोकळी जागा यांवर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, याला विरोध जवळजवळ नाही. तालुका संकुलाच्या कल्पनेलाही तत्त्वतः पाठिंबा आहे. वाद आहे तो त्याच्या जागेवर, दर्जावर आणि मार्गदर्शक नेमण्यावर. गॅलरीच्या शहरी स्टेडियमवर मते सरळ दुभंगतात. तिकिटाच्या क्रिकेट स्टेडियमसाठी थेट अनुदान द्यावे असे म्हणणारे थोडे आहेत, पण जमीन आणि सवलती यांच्या रूपाने मदत करावी असे म्हणणारे बरेच. म्हणजे वास्तू जितकी प्रेक्षकांसाठी आणि उत्पन्नासाठी, तितकी करदात्याच्या पैशाची बाजू पातळ होत जाते. जितकी ती रोजच्या सरावासाठी, तितकी घट्ट.

अमेरिकेतल्या अभ्यासांचे निष्कर्ष इथे कितपत लागू करायचे, यावर मात्र जपून बोलावे लागते. ते अभ्यास व्यावसायिक संघांच्या स्टेडियमांचे आहेत. निलंगा किंवा देगलूरच्या संकुलातून नफा कमावणारा संघमालक नाही, म्हणून त्यांचा आक्षेप तिथे जसाच्या तसा बसत नाही. पण स्थानिक अर्थव्यवस्थेला चालना मिळेल म्हणून संकुल बांधा, असे म्हटले तर तोच आक्षेप पूर्ण लागू होतो. आरोग्य, संधी आणि मोकळी जागा ही कारणे अधिक टिकाऊ आहेत आणि ती आर्थिक लाभाच्या आकड्यांवर अवलंबून नाहीत.

उत्तर बाकी असलेले प्रश्न

पहिला, यशाचे मोजमाप काय? पदके मोजायची, की रोज मैदानावर येणारी मुले, की सकाळी चालायला येणारे ज्येष्ठ नागरिक? निकष ठरल्याशिवाय कोणताही खर्च यशस्वी किंवा अपयशी ठरवता येत नाही. संकुलाच्या मंजुरीबरोबर वापराची नोंद ठेवण्याची आणि ती जाहीर करण्याची अट घालावी, ही मागणी दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखी आहे.

दुसरा, देखभालीचा पैसा अनुदानाचा भाग असावा का? कृत्रिम धावपट्टी साधारण दहा वर्षांत बदलावी लागते. बांधतानाच ती रक्कम बाजूला ठेवायची तर बांधकामाचा आकार घटवावा लागेल. त्याला कोणता लोकप्रतिनिधी तयार होईल, हा अर्थकारणापेक्षा राजकारणाचा प्रश्न आहे.

तिसरा, लातूर आणि नांदेड यांच्यातल्या वाटणीचा. महसूल आयुक्तालय कुठे असावे यावरून २००९ मध्ये या दोन शहरांत झालेली ओढाताण लोक विसरलेले नाहीत. दोन्हीकडे सारखे बांधायचे, की खेळ वाटून घेऊन एकीकडे कुस्ती आणि दुसरीकडे ॲथलेटिक्स किंवा हॉकीचे केंद्र करायचे? दुसरा पर्याय पैसा वाचवतो, पण एका शहराला काहीतरी सोडावे लागते.

चौथा, पाण्याचा. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात गवताचे मैदान किती आणि कोणत्या पाण्यावर? प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायचे तर त्याची वाहिनी, टाकी आणि वीज यांचा खर्च स्टेडियमच्या अंदाजपत्रकात दिसला पाहिजे.

सार्वजनिक पैसा द्यावा की नाही, या सरसकट प्रश्नाला मराठवाड्यात सरसकट उत्तर मिळणार नाही. तालुक्याची मर्यादा पाच कोटींवर गेली आहे, म्हणून पुढच्या काही वर्षांत लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत नव्या कामांचे प्रस्ताव येत राहतील. प्रत्येक प्रस्तावात जमीन कुणाची, बांधकाम कशाचे, शिकवणार कोण, पाणी कुठले आणि दहा वर्षांनंतरचा खर्च कुणाचा, या पाच रकान्यांत लेखी उत्तरे असली, तर त्यांवर वाद घालणे तरी शक्य होईल. आज यांतले दुसरे उत्तर सविस्तर असते. बाकीची चार बैठकीत तोंडी दिली जातात.